आईच्या मोतीबिंदूला कुठली लेन्स? टाकून वर्ष झालेल्यांनी प्लीज सांगा

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. आईला (वय ६६) दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा पुढच्या महिन्यात करायचाय. डॉक्टरांनी साधी मोनोफोकल (एकाच अंतराचं स्वच्छ दाखवणारी), मधली ईडॉफ (लांबचं आणि मधल्या अंतराचं) आणि ट्रायफोकल (लांबचं, मधलं, जवळचं तिन्ही) अशा तीन लेन्स सांगितल्या, मग काउन्सेलर मॅडमनी कागदावर आकडे लिहून दिले, एका डोळ्याचे साधी २८ हजार आणि ट्रायफोकल ७५, आणि वर म्हणाल्या चष्मा कायमचा सुटेल. पैशाचं आम्ही भावंडं बघू, प्रश्न तो नाहीये. आईने जन्मभर शिवणकाम केलंय, अजूनही शेजारणींच्या ब्लाऊजला हूक लावून देते, संध्याकाळी देवापाशी बसून पोथी वाचते. तिला लांबचा चष्मा आहे, मायनस साडेतीन, पण सुईत दोरा ओवताना चष्मा काढून ठेवते. परत करायची वेळ आली तर तीच लेन्स घ्याल का, एवढंच खरंखरं सांगा.

कोपरगावकर
मी ट्रायफोकल टाकली, दोन्ही डोळ्यांत, दीड वर्ष झालं. पेपर, मोबाईल, दुकानातली वही सगळं बिनचष्म्याचं, आणि त्याचा आनंद खरंच मोठा आहे. पण रात्री समोरून गाडी आली की दिव्याभोवती कडी दिसतात, पहिले तीन-चार महिने तर शिर्डी रोडला अंधार पडल्यावर गाडी काढायचीच बंद केली होती. डॉक्टर म्हणाले ही लेन्स आत येणाऱ्या प्रकाशाचे वाटे करते, थोडा लांबला, थोडा मधल्याला, थोडा जवळला, आणि मेंदूला ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. आता कडी आहेत पण लक्ष जात नाही. मी परत हीच घेईन. मात्र रात्रभर ड्रायव्हिंग करणारा माणूस असेल तर मी त्याला घे म्हणणार नाही.

सांगलीची_लेक
ताई, तुमच्या आईचा मायनस नंबर वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या सासूबाईंचं अगदी असंच होतं, मायनस चार. साधी लेन्स टाकली, लांबचं नीट दिसेल अशा पॉवरची, ऑपरेशन एकदम छान झालं, रिपोर्टवर ६/६, सगळे खूश आणि त्या मात्र घरी येऊन रडल्या. कारण तांदूळ निवडायला बसल्या तर ताटातलं काही दिसेना, जे आयुष्यभर नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं त्याला आता चष्मा. हे असं होणार हे आम्हाला आधी कोणी सांगितलंच नाही, आणि तुम्ही जवळचं काय काय करता हेही कोणी विचारलं नाही. दोन वर्षं झाली तरी मला ते मनाला लागतं.

दृष्टी_सांगली
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळ्यांचे नंबर तपासणारी, रोज हेच बघते. वरच्या ताईंनी मुद्द्याला हात घातलाय. मोनोफोकल म्हणजे लांबचीच लेन्स असं नसतं, पॉवर कुठल्या अंतरासाठी काढायची ते आपण ठरवू शकतो. ऑपरेशननंतर साधारण मायनस अडीच उरेल अशी पॉवर काढली तर ४० सेंटीमीटरवर, म्हणजे पोथी धरतो तिथे, चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं आणि लांबचा चष्मा पूर्वीसारखा चालू राहतो. दुसरा फायदा म्हणजे एक डोळा शून्य आणि दुसरा मायनस साडेतीन अशी ओढाताण दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत सोसावी लागत नाही. एक डोळा लांबला आणि एक थोडा जवळला असंही करतात, पण ते आधी कॉन्टॅक्ट लेन्सने करून बघता आलं तर बरं.

ट्रायफोकल वाईट नाही, पण कमी उजेडात अक्षर थोडं फिकं वाटतं, आणि तुमच्या आई तर संध्याकाळी वाचतात. डोळ्याच्या पडद्याला काही त्रास असेल, काचबिंदू वाढलेला असेल, डोळे फार कोरडे असतील तर मी ट्रायफोकल नकोच म्हणेन, त्यामुळे ओसीटी (पडद्याचा स्कॅन) करूनच ठरवा. सिलिंडर नंबर जास्त असेल तर टोरिक, म्हणजे तो नंबर भरून काढणाऱ्या लेन्सबद्दल विचारा. आणि चष्मा कायमचा सुटेल असं वचन कुणीच देऊ नये. साधी लेन्स स्वस्त आहे ती हलक्या प्रतीची म्हणून नाही हो, मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयवाल्यांनी १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून लेन्स इथेच बनवायला घेतल्या म्हणून ती गरिबाला परवडायला लागली.

कोपरगावकर
अजून एक राहिलं. वर्षभराने मला धुरकट दिसायला लागलं, वाटलं लेन्स खराब निघाली, तर डोळ्यात लेन्स जिच्यात बसवतात ती पिशवी मागून पांढरी झाली होती, याग लेसरने पाच मिनिटांत साफ.

दृष्टी_सांगली
हो, ते बऱ्याच जणांना होतं. फक्त ट्रायफोकलसारखी मल्टीफोकल लेन्स पहिल्यापासूनच मानवली नसेल तर यागची घाई करू नका, पिशवी उघडल्यावर लेन्स बदलणं अवघड होतं.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं, पॉवर अशी पण घेता येते म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, टीव्हीला लावीन की गं चष्मा, सुईला नको. सोमवारी ओसीटी आहे, डॉक्टरांना मायनस अडीचचंच विचारतेय.