अनुभव धागा: ख्रिश्चन रॉक-पॉपमधला तुमचा अल्बम कुठला? (एक गाणं नको, अख्खा अल्बम सांगा)

बेसवाला (शाहूपुरी)

सलाम मंडळी. परवा रविवारी उपासना सुटल्यावर आम्ही चौघं चहाच्या गाड्यावर थांबलो होतो, विषय निघाला आणि पाऊण तास भांडलो, म्हणून इथं धागा काढतोय. गाणी सगळ्यांनाच आवडतात ओ, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत न ढकलता ऐकलाय असा अल्बम कुठला, तो कधी भेटला आणि आजही टिकलाय का, ते लिहा. लिहिणारा ख्रिश्चन असायलाच पाहिजे असं काही नाही.

माझ्यापासून सुरू करतो. स्विचफूट या अमेरिकन बँडचा 'द ब्युटिफुल लेटडाऊन', २००३ चा. मला भेटला २०११ ला, शिरोली एमआयडीसीत नवीन लागलो होतो, सेकंड शिफ्ट सुटायची रात्री बारा-साडेबाराला, फाउंड्रीची काळी धूळ नाकात, कानात, नखात, आणि एका मित्रानं मेमरी कार्डात भरून दिलेला हा अल्बम ऐकत गाडीवरनं घरी यायचो. पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत तिसरं गाणं लागलेलं असायचं. त्यावेळी घरी बाबांचं आजारपण चालू होतं. चर्चमध्ये कुणी विचारलं की म्हणायचं प्रभूच्या कृपेनं सगळं बरं आहे, आणि बरं तर काहीच नव्हतं. त्यांचा गायक जॉन फोरमनच्या गाण्यांत ते 'बरं नाही' स्पष्ट म्हटलेलं होतं. आपण यापेक्षा कशासाठी तरी जन्मलोय आणि तिथं पोचत नाहीये, एवढीच ती तडफड. शेवटचं 'ट्वेंटी-फोर' तर इतकं हळू आहे की गाडी बंद करून दारात बसून ऐकायचो, आई आतनं हाक मारायची.

माझं मत सरळ आहे. बायबलातली स्तोत्रसंहिता उघडून बघा, तेरावं स्तोत्र सुरूच होतं 'हे परमेश्वरा, किती वेळ' असं विचारत. देवाकडं तक्रार करायची मुभा दाविदाला होती तर आपल्या बँडना का नको? ज्या अल्बमात नुसता जयजयकार आहे तो मला दुसऱ्यांदा लावावासा वाटत नाही. तुमचं सांगा.

कॅसेटकाका

बेसवाल्या, चांगला धागा काढलास रे. मी साठी ओलांडलेला माणूस, आमच्या वेळी हे सगळं कॅसेटवर. थोरला भाऊ मस्कतला होता, तो सुट्टीला आला की चॉकलेटबरोबर कॅसेटी. त्यात पेट्रा या बँडचा 'बियाँड बिलीफ' (१९९०) आणि गायिका एमी ग्रँटचा 'हार्ट इन मोशन' (१९९१). पेट्रा मी टेप घासून घासून ऐकली, मधल्या एका गाण्यात रीळ अडकायचं, पेन्सिल घालून फिरवायचं आणि परत लावायचं, आजही ते गाणं ऐकलं की जिथं रीळ अडकायचं तिथं मन थांबतं.

एमी ग्रँटवरून मात्र घरात वाद झाला. 'बेबी बेबी' अमेरिकेत बिलबोर्डच्या गाण्यांच्या यादीत एक नंबरला गेलं, आणि आमचे वडील म्हणाले यात प्रभूचं नाव कुठं आहे? मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. नंतर कळलं की तिनं ते आपल्या तान्ह्या लेकीच्या तोंडाकडं बघून लिहिलेलं. मला स्वतःला लेक झाली त्या दिवशी उत्तर सापडलं, पण ऐकायला वडील नव्हते. लेकराकडं बघून आनंदानं गाणं हीसुद्धा उपासना आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणि एक, तुम्ही पोरं समजता हे सगळं नवीन आहे. अमेरिकेतल्या लॅरी नॉर्मनचा 'अपॉन धिस रॉक' १९६९ चा आहे. तेव्हा तिकडच्या चर्चवाल्यांनी पण ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारला सैतानाचं वाद्य म्हटलंच होतं.

पिवळाकाळा

स्ट्रायपर!! 'टू हेल विथ द डेव्हिल', १९८६. नाव वाचून आमच्या पाळकसाहेबांनी सीडी ठेवून घेतली होती, मग मी त्यांना लोगोखालचा संदर्भ दाखवला, यशया ५३:५, 'त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हाला आरोग्य प्राप्त झाले' हे वचन, बँडच्या नावातच ते फटके (इंग्रजीत 'स्ट्राइप्स') आहेत. सीडी परत मिळाली. गिटार सोलो नाद खुळा, बाकी बोलायचं काम नाही.

स्टिकवाली

मी ड्रम वाजवते आणि याला कारण स्किलेट बँडचा 'अवेक' (२००९). दहावीत होते, चुलतभावाच्या मोबाइलवर व्हिडिओ बघितला तर मागं ड्रमवर एक मुलगी. जेन लेजर, इंग्लंडची, अठरा वर्षांची असताना बँडमध्ये आली, वाजवता वाजवता गाते पण. त्यातल्या 'हिरो' गाण्यात तिचा आवाज येतो तेव्हा अंगावर काटा येतो अजून. आमच्या चर्चच्या तरुण संघात मुलींनी गायचं आणि मुलांनी वाजवायचं असं ठरलेलंच होतं, कुणी नियम केला नव्हता पण होतंच तसं. मी आधी स्वयंपाकघरात उलटी पातेली मांडून सराव केला, पिठाचा डबा म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम. आईनं सहा महिने सहन केलं आणि मग तिनंच वडिलांकडं विषय काढला. एका कार्यक्रमाच्या दिवशी मला ऐनवेळी सांगितलं की तू आज टाळ्या वाजव, पाहुणे आलेत. खूप लागलं होतं ते. पुढच्या नाताळात मी वाजवलं, आणि त्यानंतर दर नाताळात वाजवते.

अल्बम म्हणून सांगायचं तर त्यांचाच 'कोमाटोज' (२००६) जास्त चांगला आहे, त्यात व्हायोलिन-चेलो आणि गिटार एकमेकांत मस्त बसलेत. 'अवेक' थोडा एकसुरी वाटतो आता. पण माझा 'अवेक'च.

रंकाळा रनर

मी ख्रिश्चन नाही, घरी जोतिबाचं सगळं असतंय. २००२-०३ ला राजारामपुरीतल्या एका कॅफेत पीओडी बँडचा 'सॅटेलाइट' ऐकला, 'यूथ ऑफ द नेशन'मधली ती लहान पोरं गातात ना, ते डोक्यातनं जाईना. वर्षभर ऐकल्यावर कळलं की हे श्रद्धाळू लोक हायत. तोपर्यंत अल्बम माझा झाला होता. तो रिलीज झाला ११ सप्टेंबर २००१ ला, त्याच दिवशी तिकडं टॉवर पडले. अशा दिवशी बाहेर आलेल्या अल्बमात 'अलाइव्ह' (म्हणजे जिवंत) नावाचं गाणं असावं याचं मला कायम नवल वाटतंय. धावताना लावतो, रंकाळ्याची एक फेरी त्याच्यावरच होते.

अल्टो

मला थोडं वेगळं म्हणायचंय, कुणी राग मानू नका. गेल्या दहा-पंधरा वर्षांतले वर्शिप अल्बम, म्हणजे उपासनेत गायच्या गाण्यांचे, मला एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. तेच चार कॉर्ड, सुरुवातीला कीबोर्डचा लांबवलेला सूर, मग हळूहळू ड्रम चढवायचा, मग एकच ओळ आठ वेळा. हिलसाँग युनायटेडचा 'झायन' (२०१३) मी मनापासून ऐकला, 'ओशन्स' जवळजवळ नऊ मिनिटांचं आहे आणि ते खरोखर चांगलं गाणं आहे, पण त्याच्यानंतर सगळ्यांनी तेच पुन्हा केलं. आमच्याकडं इंग्रजी उपासनेत ते गायला घेतात तेव्हा निम्मे लोक पडद्यावरचे शब्द वाचण्यातच गुंततात.

त्याउलट 'उपासना संगीत' हे आपलं मराठी गीतांचं पुस्तक उघडा. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं घ्या. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तरी त्या माणसानं अभंगाची चाल टाकली नाही, आणि म्हणूनच माझी आजी, जिला वाचता येत नव्हतं, तिला पन्नासेक पदं तोंडपाठ होती. पेटी आणि तबला एवढ्यावर तिचं भागायचं. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ ला आले, म्हणजे आपण दीडशेहून जास्त वर्षं इथं गातोय. अमेरिकेतल्या नॅशव्हिलचं ऐका, मी पण ऐकते, पण आपल्या पोरांना आपली चाल येत नसेल तर मला वाईट वाटतं.

बेसवाला (शाहूपुरी)

अल्टोताई, चार कॉर्डचं शंभर टक्के पटलं. पण स्टिकवालीसारखी पोरगी त्या अल्बममुळंच चर्चमध्ये टिकली, हेही खरंय की नाही?

अल्टो

खरंय. म्हणून तर म्हटलं, दोन्ही.

रात्रपाळी

मिरजेत नर्सिंग केलं, आता कोल्हापुरात नोकरी. माझा अल्बम टोबीमॅकचा 'लाइफ आफ्टर डेथ' (२०२२). त्याचा थोरला मुलगा २०१९ ला गेला, एकवीस वर्षांचा. त्या अल्बममध्ये '२१ इयर्स' नावाचं गाणं आहे, बापानं मुलावर लिहिलेलं.

माझा भाऊ २०२१ च्या मे महिन्यात गेला. सव्वीस. लोक घरी आले, फोनवर बोलले, म्हणाले देवाची योजना असते. सगळी चांगली माणसं, पण मला ते ऐकवत नव्हतं. टोबीमॅक त्या गाण्यात देवाला प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळालं असं म्हणत नाही. मी ड्युटीवर पहाटे चारला, सगळे पेशंट झोपलेले असताना, एकाच कानात इअरफोन घालून ऐकायचे, दुसरा कान बेलसाठी मोकळा. बाकीचा अल्बम नाचरा आहे, पॉप आहे, हिपहॉप आहे. आधी मला राग यायचा की असं दुःख झालेला माणूस नाचायची गाणी कशी करतो. वर्षभरानं ती पण ऐकवायला लागली.

कॅसेटकाका

रात्रपाळी, बाळा, वाचून डोळे भरले. तुला एक सांगतो, ऐकावंसं वाटलं तरच ऐक. रिच मुलिन्स म्हणून गायक होता, १९९७ ला अपघातात गेला. जायच्या काही दिवस आधी एका जुन्या पडीक चर्चमध्ये बसून साध्या कॅसेट रेकॉर्डरवर त्यानं नवी गाणी म्हणून ठेवली होती. पुढच्या वर्षी 'द जीझस रेकॉर्ड' निघाला, त्यात एक डिस्क ती कॅसेट जशीच्या तशी आणि दुसरीत त्याच्या साथीदारांनी नीट वाजवलेली तीच गाणी. मी नेहमी कॅसेटवालीच लावतो. आवाज खरखरीत आहे, एकटा माणूस आहे, बास.

रात्रपाळी

आज रात्री लावते काका.