‘स्टँड बाय मी डोरेमॉन २’: आजीच्या गोष्टीची माती केली का?

शहापूरकर (बेळगाव)
डोरेमॉनच्या सिनेमांत हा मला सगळ्यात फसलेला वाटतो. का, ते जरा सविस्तर लिहितो. आपल्या बेळगावात घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी आणि हिंदी मात्र टीव्हीवरच्या जपानी कार्टूनमधल्या या निळ्या यंत्रमांजराकडून, म्हणजे डोरेमॉनकडून, शिकलेली एक अख्खी पिढी आहे, त्यामुळं यावर बोलायला माणसं मिळतील.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी कथा. नोबिताला, म्हणजे डोरेमॉन ज्याच्या घरी राहतो त्या शाळकरी पोराला, आजीनं शिवून दिलेला जुना टेडी सापडतो. टाइम मशीननं तो भूतकाळात जाऊन आजीला भेटतो. आजी म्हणते, तुझी नवरी बघायला मिळाली असती तर! म्हणून नोबिता आणि डोरेमॉन भविष्यात लग्नाच्या दिवशी पोचतात, तर मोठा नोबिता लग्नातून पळालेला. शिझुकाला, म्हणजे नवरीला, आपण सुखात ठेवू शकू का, ही त्याला भीती. मग छोट्या नोबितालाच मोठा करून नवरदेव म्हणून उभं करतात. पुढं शरीरांची अदलाबदल, आठवणी पुसल्या जाण्याचा धोका, आणि शेवटी सगळं जागच्या जागी.

फुजिको एफ. फुजिओ यांनी १९६९ च्या शेवटी मुलांच्या मासिकांसाठी ही चित्रकथा सुरू केली. मोजक्या पानांच्या गोष्टी, आणि त्यातल्या बहुतेकांचा गाभा एकच. बाविसाव्या शतकातलं यंत्र येतं, अडचण सुटते, नोबिता हाव करतो, सगळं अंगाशी येतं. यंत्राला मर्यादा आहे आणि ती ओलांडली की भोगावं लागतं, हे पोरांना कळतं. म्हणून मी डोरेमॉनला खरी विज्ञानकथा मानतो. या सिनेमात मोठ्या माणसानं जबाबदारी टाकली आणि त्याची झळ त्याला लागलीच नाही. निस्तरायला दहा वर्षांचं पोर. याचा मला राग आहे.

वडगावची आई
दादा, तुम्ही सिनेमा बघताना गणित सोडवत बसलात. माझी मुलगी सिनेमा संपल्या संपल्या चंदगडला आजीला फोन लाव म्हणाली. सहा-सात वर्षांच्या मुलांना कुठला नोबिता कुठल्या काळातला याच्याशी काय देणंघेणं?

आणि लग्नाआधी घाबरलेला माणूस तुम्हाला खोटा का वाटावा? नोबिता लहानपणापासून भित्रा, आळशी, शून्य मार्क आणणारा. मोठा झाला म्हणून एकदम शूर झाला असता तर ते खोटं झालं असतं.

खानापूरचे मास्तर
काळाच्या घोळाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तो घोळ पहिल्याच गोष्टीपासून आहे. नोबिताचा पणतूचा मुलगा सेवाशी डोरेमॉनला घेऊन येतो. कारण काय, तर नोबिताचं लग्न दांडगट मित्र जियानच्या बहिणीशी, जायकोशी होणार असतं आणि पुढच्या पिढ्या कर्जात बुडणार असतात. नोबिता विचारतो, माझं लग्न दुसरीशी झालं तर तू जन्मणार कसा? सेवाशी सांगतो, तोक्योहून ओसाकाला कुठल्याही वाहनानं जा, ओसाकाच येतं. आपल्याकडं बेळगावहून कोल्हापूरला संकेश्वर-निपाणीवरनं एसटीनं जा नाहीतर मिरजेवरनं रेल्वेनं, उतरणार कोल्हापुरातच. मुलं यावर पुष्कळ प्रश्न विचारतात आणि ते मला आवडतं. तेव्हा काळाचं तर्कशास्त्र मोडलं म्हणून सिनेमा वाईट ठरवता येणार नाही.

शहापूरकर
सर, काळाचा घोळ मला चालतो. माझी तक्रार चुकीची किंमत कोण मोजतं याबद्दल आहे. २०१४ चा पहिला ‘स्टँड बाय मी’ आठवा. बर्फाच्या वादळात सापडलेल्या शिझुकाला वाचवायला छोटा नोबिता भविष्यात जातो आणि त्याला ते जमत नाही. तेव्हा तो ही वेळ मनात घट्ट कोरून ठेवतो. मोठ्या नोबिताला ती आठवण येते आणि तो धावून येतो. पोरगं हरलं तिथं मोठा माणूस उभा राहिला. काय सुंदर कल्पना आहे ही! आठवण हेच तिथलं टाइम मशीन.

दुसऱ्या भागात याच माणसांनी, याच दिग्दर्शकांनी ते उलटं केलं. मोठा पळाला आणि पोरगं उभं राहिलं. पहिल्या भागानं कमावलेलं सगळं घालवलं.

निपाणीकर
शहापूरकरांचं बरोबर हाय. कारण पण सरळ हाय वो. २०२० साल, डोरेमॉनला पन्नास वर्षं झालेली, कायतरी मोठं काढायचं होतं. ऑगस्टला येणार होता, कोरोनामुळं नोव्हेंबरला आला. १९८० पासनं जवळजवळ दरवर्षी एक सिनेमा येतोय, मूळ लेखक १९९६ ला गेले. दोन जुन्या गोष्टी उचलल्या, एक आजीची आणि एक नोबिताच्या जन्मादिवसाची, आणि मधी लग्नाची शिलाई मारली. ती शिलाई उसवल्याली दिसतीय. खरं चित्रं लई देखणी हाईत, ते मान्य करायलाच पायजे. आजीच्या घरातला उजेड बगा एकदा.

वडगावची आई
निपाणीकर, जन्मादिवसाचा भाग तुम्ही एका वाक्यात उडवलात. आईबाबा बाळाला बघून बोलतात, तो कसा होईल, त्यानं काय व्हावं. आपण नकोसे आहोत असं वाटणाऱ्या पोरानं ते कानानं ऐकणं, यापेक्षा टाइम मशीनचा चांगला उपयोग मला सांगा. लग्नापासून पळणाऱ्याला हेच ऐकायची गरज होती. मला तरी तो धागा घट्ट वाटला.

खानापूरचे मास्तर
ताई, इथं मात्र मी शहापूरकरांच्या बाजूला झुकतो. तो प्रसंग एकटा ठेवला असता तर जास्त भिडला असता. अदलाबदलीचा दोर, आठवणींचा धोका, पाठलाग, एवढं सगळं आल्यावर माझ्या वर्गातल्या मुलांना तरी आजी कुठं गेली ते विचारावं लागलं.

शहापूरकर
नेमकं हेच. आजीच्या गोष्टीवर २००० साली एक छोटा सिनेमा निघाला होता, तो दाखवा मुलांना. एक अनोळखी मुलगा येऊन म्हणतो, मी नोबिता, आणि आजी एका शब्दानं शंका घेत नाही. दप्तर पाठीवर घेऊन शाळेला निघालेला बघायची तिची इच्छा तो पुरी करतो. नवरीची इच्छा तशीच राहते. सगळं देता येत नाही, यंत्र असलं तरी, हे त्या अर्ध्या राहिलेल्या इच्छेत आहे. २०२० मध्ये तीही पुरवून टाकली आणि गोष्ट हलकी झाली.

वडगावची आई
मला ती इच्छा पुरी झालेली बघायची होती. माझी आजी माझ्या लग्नाआधी गेली. तुम्हाला ते हलकं वाटत असेल, मी मात्र तो प्रसंग मागं नेऊन पुन्हा बघितला. मास्तर, मुलांना दोन्ही दाखवा आणि काय म्हणतात ते इथं लिहा.