दुपारभर घरात कोंडलेली लेकरं, खालचे उड्या मारू देत नाहीत, काय करावं?

लातूरची_आई
लातूरला दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. दोन खोल्या आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. पोरगी आठ वर्षांची, पोरगा चारचा. मे महिन्याचं ऊन असं, की अकरा ते पाच दाराबाहेर पाय टाकता येत नाही. मोबाइल काढून घेतला की दोघं पलंगावरून उड्या मारायलेत, आणि लगेच खालच्या काकू वर. त्यांचंही चूक नाही, त्यांचे सासरे अंथरुणावर आहेत.

साडेचारशे रुपयांचं क्राफ्टचं किट आणलं, अर्ध्या तासात संपलं. कुठला तुकडा कुठं चिकटवायचा तेसुद्धा छापलेलं, मग लेकरानं करायचं काय? नेटवर बघावं तर 'टबात पाणी भरून खेळू द्या'. अहो, आमच्या नळाला रोज पाणी येत नाही! ज्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं टब भरून कोण देतंय.

आवाज न होता दमतील आणि हाताला काम मिळेल, असं कुणी करून बघितलेलं असेल तर सांगा. छंदवर्ग सुचवू नका, फी परवडत नाही.

धाराशिवचा_बाप
सगळी मस्ती दुपारीच जिरवायची हा हट्ट सोडा. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं चांगली दमवणारी हालचाल सांगते. तीन-चार वर्षांच्यांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं. एका दमात नाही. म्हणून सकाळी सहाला जवळच्या मैदानावर न्या, फुकट आहे. आमच्या जिल्ह्यात खो-खोचं वेड. सारिका काळेंना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हापासून पोरीही जास्त दिसतात. दुपारी घरात तोच खेळ चवड्यावर बसून: पाठीला हात लावून खो द्यायचा, उठायचं, पुन्हा बसायचं. पळायचं नाही. मांड्या भरून येतात, आवाज होत नाही.

सेलूचे_गुरुजी
ताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला. पत्र्याच्या खोलीत दुपारी पोरं कशी होतात ते मला विचारा.

आधी दमवायचं. जुनी वाकळ फरशीवर टाका, धाकट्याला तिच्यावर बसवा आणि थोरलीला ओढू द्या, या खोलीतून त्या खोलीत. फरशी गुळगुळीत असते, आवाज नाही, पण पोरगी घामाघूम होते. मग धाकट्यानं भरलेली उशी बसवून ओढायची. नळ येईल त्या दिवशी तांब्यानं बादल्या भरायचं काम त्यांनाच द्या. सांडेल थोडं. तेवढं सांडू द्यावं.

आता हाताचं. कडबा आणा. ज्वारीच्या धाटाची साल सोलली की आत पांढरं भेंड निघतं, बोटानं दाबलं तरी दबणारं. सालीचे बारीक तुकडे खिळ्यासारखे भेंडात टोचायचे. डिंक नको, कात्री नको. बैलगाडी, माणूस, मोटारसायकल, काय वाटेल ते उभं राहतं. फक्त नमुना दाखवू नका. मी दाखवायचो तोवर चाळीस पोरांच्या चाळीस गाड्या एकसारख्या व्हायच्या. दाखवणं थांबवलं तर एकानं बैलाला सहा पाय केले. मी काही बोललो नाही. सुट्टी होईपर्यंत वर्गातले निम्मे बैल सहा पायांचे, आणि एक विमानाला जुंपलेला.

पोळ्याला मातीचे बैल करायचे असतील तर नुसती काळी माती घेऊ नका. ती ओली असताना फुगते, वाळताना आकसते आणि पाय तडकतात. पिंजलेला कापूस थोडा मळून घाला आणि सावलीत वाळवा.

नांदेडची_आत्या
गुरुजी, सगळं खरं, पण ते भेंडाचं भुसकट झाडायचं कुणी? आईनंच ना! वर्गात तुम्हाला शिपाई होता.

माझं मत वेगळंय. 'कंटाळा आलाय' म्हणलं की आईनं लगेच उठू नये. वैतागतील, भांडतील, मग काढतील काहीतरी शोधून. आमच्या घरी शेंगा फोडायला बसवलं तर टरफलांच्या होड्यांची शर्यत सुरू झाली, ताटलीभर पाण्यात. मी फक्त शेंगा दिल्या होत्या.

सेलूचे_गुरुजी
आत्याबाई, शिपाई कुठला! झाडू पोरांच्याच हातात असायचा. वाकून झाडणं हाही व्यायामच, तो ताईंनी का करावा?

लातूरची_आई
वाकळ आजच काढली. धाकट्यानं उशी सोडून मांजराला बसवायचा घाट घातला, ते पळालं. खालून कुणी आलं नाही. पण कडबा शहरात कुठं शोधू? आणि चार वर्षांच्याला साल कापणार नाही का?

सेलूचे_गुरुजी
दूध घालणाऱ्याला सांगा, त्याच्या गोठ्यात पेंढ्या असतात, चार-दोन धाटांचे पैसे घेणार नाही. साल मात्र कापते, धार असते तिला. सोलायचं तुम्ही, टोचायचं थोरलीनं. धाकट्याला नुसतं भेंड मोडायला द्या, पण समोर बसा. नाकात घालायचं वय आहे त्याचं. चिंचोके तर इतक्यात देऊच नका.