घरच्या सेवेला भत्ता म्हणजे नात्याचा बाजार? उत्तर जरा लांब आहे

पंचगंगा_घाट

काल ‘रंकाळा_टॉवर’ यांनी लिहिलं की दिव्यांग माणसाला घरी सांभाळणाऱ्यांना महिन्याचा भत्ता द्या ही मागणीच चुकीची आहे. ‘आईनं लेकराचं केलं त्याचा पगार मागायचा का? हा नात्याचा बाजार झाला. सरकारला पैसे द्यायचेच तर चांगल्या वसतिगृहांना द्यावेत.’ खाली अंगठ्यांची रांग लागली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी काम मोजू. मानेच्या मणक्याला मार लागून हातपाय चारही गेलेला माणूस घरात आहे असं धरा. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा. उशा लावणं, टाचा गादीपासून उचलून ठेवणं, माकडहाडावरची कातडी बघणं धरून एका वेळेला दहा मिनिटं. झाले दोन तास. लघवीसाठी दर चार ते सहा तासांनी कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, समजा पाच वेळा. हात धुण्यापासून माप लिहून ठेवेपर्यंत पंधरा मिनिटं, म्हणजे सव्वा तास. शौच आणि अंघोळ दीड तास. तीन वेळा भरवायचं, दर वेळी पाऊण तास, म्हणजे सव्वादोन. बेरीज सात तास. कारखान्यातल्या पाळीपेक्षा कमीच, असं वाटेल. पण हे सात तास चोवीस तासांत विखुरलेत. रात्री बाराला, दोनला, चारला उठायचं आहे. सलग दोन तास मोकळे मिळणं कठीण. अशी बाई गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळीवर जाणार कशी? शेतात भांगलायलासुद्धा जाता येत नाही. घरातली एक मजुरी तिथं बुडते, आणि भत्ता त्या मजुरीचा मागतोय.

कायद्यालाही यात बाजार दिसलेला नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या करतानाच आईवडील आणि घरची इतर माणसं धरली आहेत, मोबदला घेऊन करोत वा न घेता. कलम 24 मध्ये जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्ता स्पष्ट लिहिलाय. कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे महिन्याचे 1500 चे 2500 झाले, ऑक्टोबर 2025 पासून. चांगलं झालं. पण ते दिव्यांग माणसाच्या पोटाचे आहेत, सांभाळणारीचे नाहीत. आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला 50,000, म्हणजे महिन्याला 4,166. रोज 200 रुपयांनी पंचवीस दिवस काम केलं तरी वर्षाचे 60,000 होतात आणि घर यादीबाहेर जातं. दोनशे रुपयांत आज कुठला गडी मिळतो? म्हणजे खरा आकडा सांगणाऱ्याला काही नाही.

रंकाळा_टॉवर

माझं नाव घेऊन धागा काढलाय तर उत्तर देणं भाग आहे.

कलम 24 पूर्ण वाचा. सुरुवातीलाच ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असं आहे. तेवढे शब्द तुम्ही सोडलेत. केरळमध्ये आश्वासकिरणम् नावाची योजना आहे, खास सांभाळणाऱ्यांसाठीच. ठरलेली रक्कम महिन्याला 600. मोठ्या माणसाला दिवसाला चार डायपर लागतात, एक 35 रुपयांना धरला तरी महिन्याचे 4,200. सहाशे रुपयांत चार-साडेचार दिवस निघतात. असा भत्ता मिळून काय होणार?

दुसरं मी काल लिहिलं नव्हतं, आज लिहितो. भत्ता कुणाच्या नावावर येणार? सुनेच्या. एकदा तो सुरू झाला की ‘तुला पैसे मिळतात ना, मग तूच कर’ हे घरात ठरून जाईल. नवरा, दीर, नणंद सगळे मोकळे. तुम्ही मोजलेले सात तास कायमचे एकाच बाईच्या गळ्यात. वसतिगृहात निदान तीन पाळ्या तरी असतात.

चंदगडी_माणूस

साहेब, वसतिगृह कुठं हाय ते सांगा की. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर. आंबोलीच्या अंगाला राहणाऱ्याला त्याहून लांब. माणूस तिथं ठेवला तर घरच्यांनी भेटायला किती वेळा जायचं, आणि त्या दिवसाची मजुरी?

नसीमादीदी हुरजूक यांनी 1984 ला हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली. कोल्हापूरकराला वसतिगृहाचं मोल शिकवायला नको. पण शिकून नोकरीला लागायसाठी वसतिगृह वेगळं आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जन्मभर घराबाहेर काढणं वेगळं. त्याच कायद्याचं कलम 5 बघा. अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती दिव्यांगावर करता येत नाही, आणि मदत घरात मिळण्याचा हक्क त्यात हाय.

बाकी सुनेचं बोललात ते खरं हाय. ते नाकारत नाही.

गडहिंग्लज_मास्तर

दोन्ही बाजू रोख रकमेवरच भांडताहेत. रोख द्यायचीच कशाला? अर्ध्या घरांत ती दारूत जाते. वस्तू द्या. व्हीलचेअर, एअर बेड, डायपर. वस्तू डोळ्याला दिसते, विकली तर पकडता येते. केंद्राच्या एडिप योजनेतून शिबिरात व्हीलचेअर फुकट मिळतेच, तेच वाढवा.

फिजिओ_कसबा_बावडा

मास्तर, शिबिरातल्या व्हीलचेअरचं नाव काढलंत म्हणून लिहिते, कारण या एका गोष्टीनं जेवढं नुकसान होतं तेवढं कशानं होत नाही.

वाटपात येणारी घडीची खुर्ची साधारण 18 इंच रुंद बैठकीची असते. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालीवर ताबा नसलेल्या नऊ वर्षांच्या मुलाचे कुल्ले दहा-अकरा इंच. दोन्ही बाजूंना साडेतीन-चार इंच रिकामे राहिले की मूल एका अंगावर कलतं. बैठक रेक्झिनची, मधे झोळीसारखी खचते. मांड्या आत वळतात, कंबर तिरकी होते, आणि वाढत्या वयात तोच बाक पाठीच्या कण्यात पक्का होतो. मग ब्रेस, म्हणजे पाठीला बांधायचा आधार, नाहीतर ऑपरेशन. फुकटची खुर्ची अशी महाग पडते.

माप घ्यायला पाच मिनिटं लागतात. कुल्ल्याची रुंदी अधिक एक ते दोन इंच, ही बैठकीची रुंदी. पाठीपासून गुडघ्याच्या खाचेपर्यंतचं अंतर वजा दोन इंच, ही खोली. ती जास्त झाली तर मूल पुढं घसरतं आणि माकडहाडावर बसतं. पायठेव जमिनीपासून दोन इंच वर, गुडघे काटकोनात. बैठकीखाली प्लायवूडची फळी, वर घट्ट फोम. नुसता मऊ फोम दोन महिन्यांत चपटा होतो आणि हाड फळीला टेकतं. मान धरत नसेल तर डोक्याला आधार आणि मागं कलणारी पाठ. यातलं काय मोजलं जातं शिबिरात? नाव, दिव्यांगत्वाची टक्केवारी, फोटो.

गडहिंग्लज_मास्तर

ताई, तुम्ही तज्ज्ञ आहात, मान्य. पण ज्याच्याकडे काहीच नाही त्याला 18 इंची खुर्चीही वरदान आहे. पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणारी माणसं आहेत. त्यांना माप सांगत बसायचं?

फिजिओ_कसबा_बावडा

हो, त्यांनाच सांगायचं. पाठीवरून नेताना मूल दिवसात तासभर वाकडं असतं. चुकीच्या खुर्चीत ते आठ तास वाकडं बसतं. शिवाय एडिपमध्ये तीच वस्तू पुन्हा मिळायला तीन वर्षं थांबावं लागतं. बारा वर्षांखालच्यांना एक वर्ष, पण हे शिबिरात कोणी सांगत नाही. चुकीची खुर्ची एकदा पदरात पडली की योग्य खुर्चीचा रस्ता तेवढे दिवस बंद. ‘काहीच नाही त्यापेक्षा बरं’ हे वाक्य ऐकलं की मला संताप येतो.

इचलकरंजी_यंत्रमाग

खुर्चीची बाहेरून बाहेर रुंदी कोण बघतं का? बैठक 18 म्हणजे चाकं धरून 26 इंच. आमच्याकडं जुन्या घरात न्हाणीघराचं दार 24. खुर्ची आत जातच न्हाई. मग माणसाला दारात उचलायचं, आणि उचलणाऱ्या बाईची कंबर जाते. वर्षभरात घरात एकाऐवजी दोन पेशंट.

आणि पाच टक्के निधीचं बोला जरा. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका, सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे. होतं काय, यादीतली नावं मोजायची आणि सगळ्यांना सारखा चेक. एका डोळ्यानं अधू आणि दुकान चालवणारा असो, नाहीतर दहा वर्षं अंथरुणाला खिळलेला, दोघांना तेवढेच. त्याच पैशातनं दारं रुंद करा, उंबरे काढा, कमोड खुर्च्या द्या. मी हे चार ठिकाणी लिहिलंय, कोण ऐकत न्हाई.

करवीर_पेठ_2

विषय भत्त्याचा होता. इथं सुतारकाम सुरू झालं.

इचलकरंजी_यंत्रमाग

सुतारकामच आहे भावा! न्हाणीत खुर्ची गेली तर अंघोळ एका माणसात होते, न्हाई तर दोघं लागतात. तोच दुसऱ्या माणसाचा भत्ता धरा की.

उजळाईवाडी_सिस्टर

मास्तरांनी एअर बेड म्हटलं, त्यावर. एअर बेड आला की घरची माणसं कूस बदलणं थांबवतात. हा सगळ्यात मोठा घोटाळा. गादी हवा आलटून पालटून भरते, दाब कमी करते, पण दोन-तीन तासांची कूस चुकत नाही. वर जाड चादर, त्यावर प्लास्टिक, त्यावर घडी घातलेली गोधडी टाकली की गादीचा उपयोग संपला. एकच सुती चादर, सैल. लाइट गेली की पंप बंद, हवा उतरते आणि माणूस खालच्या फळीवर. गावाकडं भारनियमनात हे होतंच.

कातडी लाल दिसली तर बोटानं दाबून सोडायची. पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर ठीक. लालच राहिली तर बेडसोअर, म्हणजे दाबानं होणारी जखम, सुरू झाला असं धरा आणि त्या बाजूला निजवू नका. त्यावर चोळायचं नाही, आतला मांसल भाग फाटतो. मधे भोक असलेली रबरी रिंग माकडहाडाखाली घालतात तीही नको, कडेनं रक्त अडतं. नाकातून नळी असेल तर भरवताना डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर आणि नंतर निदान अर्धा तास तशीच. लगेच आडवं केलं की दूध छातीत जातं.

हे सगळं सुनेला कोणी शिकवलेलं नसतं. डिस्चार्जच्या दिवशी पाच मिनिटांत सांगतात आणि कागद हातात देतात. भत्त्याआधी शिकवा, असं माझं मत.

पंचगंगा_घाट

सिस्टर, शिकवायला हवंच. पण शिकलेली बाईसुद्धा रात्री दोनला उठणारच आहे. शिकवलं म्हणून मजुरी परत येत नाही. वस्तूंचंही तसंच. उत्तम मापाची खुर्ची आली तरी तिच्यात बसवायला माणूस लागतो.

सेतू_कट्टा

टक्केवारीवरून होणारा घोळ सांगतो, कारण उद्या भत्ता आला तर तिथंच अडेल. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, 40 टक्क्यांच्या खाली पांढरं, 40 ते 80 च्या आत पिवळं, 80 आणि वर निळं. लोक समजतात निळं कार्ड म्हणजे जास्त मदतीचा हक्क. तसं नाही. दोन्ही पाय गेलेला माणूस निळ्या कार्डावर स्वतःची तीनचाकी चालवत बाजार करतो. आणि बौद्धिक अक्षमता असलेला, 75 टक्केवाला पोरगा पिवळ्या कार्डावर असतो, पण त्याला पाच मिनिटं एकटं सोडता येत नाही. गॅस चालू करतो, रस्त्यावर पळतो.

जास्त आधाराची गरज ही कलम 38 खाली वेगळी तपासायची असते. अर्ज स्वतः दिव्यांग करू शकतो, त्याच्या वतीनं दुसरा कोणी किंवा संस्थाही करू शकते. मूल्यमापन मंडळानं गरज कोणती आणि किती हे लिहून द्यायचं. टक्केवारी शरीराची मोजतात, इथं मोजायचे आहेत तास. पंचगंगा_घाट यांनी वर जे सात तास मांडले, तसा चोवीस तासांचा तक्ता आठवडाभर लिहून अर्जाला जोडा. किती वाजता, काय केलं, किती मिनिटं, कोणी केलं. तोंडी ‘लई करावं लागतं’ म्हटलं तर कोणी लिहून घेत नाही.

पगारदार घरांसाठी एक. आयकरात जुन्या पद्धतीत दिव्यांग अवलंबितासाठी 75,000 ची वजावट आहे, 80 टक्के आणि वर असेल तर 1,25,000. खर्च कितीही झालेला असो, रक्कम ठरलेली. नव्या पद्धतीत मिळत नाही. नवी निवडण्याआधी दोन्ही हिशोब मांडा.

रंकाळा_टॉवर

‘कोणी केलं’ हा रकाना तक्त्यात असेल तर माझा अर्धा आक्षेप जातो. पैसे त्या तासांप्रमाणे वाटले, नवऱ्यानं रात्रीची कूस घेतली तर त्याच्या नावावर, तर मी विरोध करणार नाही. पण सरसकट एका नावावर रक्कम टाकणार असाल तर विरोध कायम. आणि महिन्यातून निदान चार दिवस दुसऱ्या कुणीतरी येऊन सांभाळायची सोय हवी. तालुक्याच्या गावी दिवसाचं केंद्र हवं, कारण विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते आणि पोरगा पुन्हा चोवीस तास घरात. ते नसेल तर 2,500 काय आणि 5,000 काय, बाई घरातून हलू शकत नाही. वसतिगृहाचं म्हणणं मी मागं घेतलेलं नाही. ज्याचे आईवडील सत्तरीत आहेत त्याला दुसरा रस्ता दाखवा, मग बोलू.

चंदगडी_माणूस

सत्तरीतल्या आईबापाला आमच्याकडंही उत्तर न्हाई. तेवढं तुमचं बरोबर. पण चाळिशीतल्या बाईला सत्तरीतल्याचं कारण सांगून काही देऊ नका म्हणणं बरोबर न्हाई.

गडहिंग्लज_मास्तर

खुर्ची मापानं द्यावी हे मी मान्य करतो. दारूचं मात्र मागं घेत नाही, मी गाव बघतो. पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यावर जावेत, घरच्या संयुक्त खात्यावर नाहीत.

फिजिओ ताई, शेजारच्या वाडीत एका मुलासाठी विचारतो. कुल्ले 12 इंच. न्हाणीचं दार 25, पण उंबरा तीन इंच वर आहे. कोणती खुर्ची आणि उंबऱ्याला काय करायचं?

फिजिओ_कसबा_बावडा

बैठक 14 इंची घ्या, बाहेरून 22 च्या आसपास होईल, 25 च्या दारातून निघेल. चाकाला बाहेरून हात लावून फिरवणार असेल तर बोटं दाराला घासतात, म्हणून न्हाणीपुरती मागून ढकलायची छोट्या चाकांची कमोड खुर्ची वेगळी ठेवा. उतार एकास बारा, म्हणजे तीन इंचाला तीन फूट. न्हाणीपुढं तीन फूट मोकळे आहेत का ते आधी मोजा. नसतील तर उंबरा फोडून सपाट करा आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून न्हाणीच्या आतला ढाळ मोरीकडे वाढवा. गुडघ्याच्या खाचेपर्यंतचं माप पण पाठवा, मुलाला भिंतीला टेकवून बसवून घ्या, झोपवून नको.