अनुभव धागा: पाणी गोठलेलं कोणी पाहिलंय का?

काल पहाटे सासूबाईंना घेऊन खडकवासल्याला गेले होते. धरणाच्या पाण्यावरून वाफा निघत होत्या, हाताची बोटं बधिर झाली होती. सासूबाई म्हणाल्या, "एवढा कडाका, पण आपलं पाणी काही गोठत नाही गं." खरंच आहे. १७ जानेवारी १९३५ला पुण्याचा पारा १.७ अंशांवर आला होता, तोही शून्याच्या वरच. ज्यांनी नदी-तलाव गोठलेले पाहिलेत त्यांनी इथे लिहा. फोटो नसला तरी चालेल. कसं दिसलं, आवाज कसा आला, ते सांगा.

घाटवाट: महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी पहाटे गवतावर आणि गाडीच्या टपावर दंव गोठलेलं पाहिलंय. नखाने खरवडलं तर साखरेसारखं निघतं. तलाव मात्र वाहताच होता. ऊन आलं की दहा मिनिटांत सगळं संपतं.

रानवाटा: सात वर्षांपूर्वी लडाखमध्ये झांस्कर नदीवरची चादर केली, म्हणजे गोठलेल्या नदीवरून चालत जायची वाट. आमच्यापुढे चालणारे झांस्करी दादा काठीने बर्फ ठोकत जायचे. 'टक्' आलं की पाय टाकायचा, 'ढब' आलं की थांबायचं. पाय उचलायचा नाही, घासत न्यायचा. एके ठिकाणी बर्फ काचेसारखा होता. आत बुडबुडे नाण्यांच्या चळतीसारखे एकावर एक अडकलेले आणि त्याखाली हिरवं पाणी धावताना दिसत होतं. माझे पाय तिथेच खिळले. तिसऱ्या दिवशी कड्यालगतची चादर फुटली. दोन तास थांबलो, मग खडकाला धरून धरून पलीकडे गेलो. दादा सांगत होते, त्यांचे आजोबा याच वाटेने लेहला लोणी विकायला न्यायचे. आपण हौसेने जातो, त्यांचा तो हिवाळ्यातला रस्ता होता. हे विसरू नये असं मला फार वाटतं.

कर्वेनगरची आजी: माझी लेक मिनेसोटात असते. तिथे लोक गोठलेल्या तलावावर खोपटी थाटून मासे धरतात. जावयांनी गिरमिटाने भोक पाडून आधी जाडी मोजली. चालायला निदान चार इंच स्वच्छ बर्फ लागतो. पांढरा, हिम मुरलेला असेल तर तो निम्माच भक्कम धरतात. मी विचारलं, मासे मरत नाहीत का? तर चार अंशांचं पाणी सगळ्यात जड, ते तळाशी राहतं, बर्फ वर तरंगतो, म्हणून खाली जगतात. संध्याकाळी थंडी वाढली तसा तलाव कण्हायला लागला. जाड तार ताणून सोडावी तसा आवाज, या काठापासून त्या काठापर्यंत. मी नातवाचा हात घट्ट धरला. तो म्हणाला, "आजी, बर्फ ताणला जातोय, घाबरू नकोस." तो आवाज अजून कानात आहे.

सिंहगडरोड: रानवाटा, यंदा चादरला जायचं मनात आहे. गमबूट इथून न्यावेत का?

रानवाटा: नको, लेहमध्ये मिळतात. आत दोन लोकरी मोजे बसतील असे सैल घ्या. आणि लेहला पोचल्यावर दोन-तीन दिवस विश्रांती घ्याच. साडेतीन हजार मीटर उंची आहे.