सगळं खापर सिगारेटवरच फोडायचं का?

रंगपेटी:
परवा इथेच एकाने लिहिलं, "मूत्राशयाचा कॅन्सर म्हणजे सिगारेटची कमाई. ओढू नका, भरपूर पाणी प्या, विषय संपला." खाली वाहवाही झाली. विषय संपत नाही, म्हणून हा धागा.

माझ्या बाबांनी आयुष्यात बिडीला हात लावला नाही. नोकरी रंगाच्या कारखान्यात. निवृत्तीनंतर लघवीतून रक्त जायला लागलं, दुखणं मात्र शून्य. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "रोज किती ओढता?" कामावर काय हाताळत होता, हे कुणीच विचारलं नाही.

फुक्सिन रंग बनवणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयातल्या गाठी लुडविग रेन या जर्मन सर्जनने १८९५ मध्ये जगासमोर मांडल्या. १९३८ मध्ये ह्यूपर या शास्त्रज्ञाने बीटा-नॅफ्थिलामाइन हे रंग-रबर कारखान्यांत वापरलं जाणारं रसायन देऊन कुत्र्यांमध्ये त्याच गाठी आणून दाखवल्या. तरी ब्रिटनच्या रबर कारखान्यांतून ते जायला १९४९ उजाडलं. रोग उगवायला वीस-वीस, तीस-तीस वर्षं लागतात. तोवर कामगार निवृत्त, मालक बदललेला. मग दोष कुणाला? सवयींना!

स्पष्टवक्ता:
बाबांचं वाचून वाईट वाटलं, पण एका माणसावरून सिद्धांत होत नाही. साधारण निम्म्या रुग्णांच्या मुळाशी तंबाखूचा धूर आहे. कामधंद्याचा वाटा त्याहून बराच कमी. माझा मामा रोज पाकीट संपवायचा, कारखान्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. शेवटी मूत्राशयच काढावं लागलं.

रंगपेटी:
म्हणजे माझे बाबा किस्सा आणि तुमचा मामा पुरावा? छान. आणि त्या धुरात असतं काय, माहितेय? बीटा-नॅफ्थिलामाइनच. मामांनी विकत घेतलं, बाबांना पगारासोबत मिळालं.

कॉफीबाज:
अवांतर आहे, पण कॉफीचं काय? याच कॅन्सरच्या भीतीने सासूबाईंनी माझा कप बंद केला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९१ मध्ये कॉफीला संशयित ठरवलं आणि २०१६ मध्ये सोडून दिलं. माझ्या कपांची भरपाई कोण देणार?

खवचट:
सॅकरिनचंही तेच. उंदरांना ढीगभर चारलं, गाठी आल्या, अमेरिकेत १९७७ मध्ये पाकिटावर इशारा छापायचा कायदा झाला. २००० मध्ये तो मागे! उद्या सिगारेटलाही निर्दोष सोडतील.

मीनल:
नाही सोडणार. उंदराच्या लघवीत सॅकरिनमुळे जे घडतं ते माणसात घडत नाही, म्हणून इशारा गेला. कॉफीचा घोळ वेगळा: भरपूर कॉफी पिणारे बरेचजण ओढणारेही होते, त्यांच्या धुराचं पाप कॉफीच्या माथी आलं.

कॉफीबाज:
हे सासूबाईंना सांगायला या. पण त्याच २०१६ च्या निकालात ६५ अंशांवरच्या गरम पेयांवर अन्ननलिकेसाठी ठपका आहे, ते का गाळलंत?

मीनल:
कारण धागा अन्ननलिकेचा नाही!

खवचट:
धागा कॉफीचाही नव्हता. बरं, केसांच्या कलपाचं काय? की घाबरवायला फक्त कारखानेच?

मीनल:
घरी कलप लावणाऱ्यांबद्दल पुरावा अपुरा आहे. सलूनमध्ये रोज तेच काम करणाऱ्यांचा व्यवसाय मात्र त्याच कर्करोग संस्थेच्या 'बहुधा कर्करोगकारक' गटात आहे. माझ्या जावेने वर्षानुवर्षं ते काम केलं. लघवीत रक्त दिसलं की दर वेळी "इन्फेक्शन आहे" म्हणून गोळ्या. बाईला असं काही असेल, असं कुणाच्या डोक्यातच येत नाही. दुर्बिणीतून बघायला कितीतरी महिने गेले. त्यामुळे तुमची टिंगल जरा आवरा.

खवचट:
आवरली. पेंटर नि फायरमनही त्या संस्थेच्या यादीत आहेत, हे तुमच्याआधी मीच सांगतो. घ्या, झालं समाधान?

स्पष्टवक्ता:
ठीक आहे, डॉक्टरांनी नोकरीही विचारावी. इतकंच मान्य. पण रंगपेटी, तुमचं वाचून एखादा उद्या म्हणेल, "मी तर बँकेत आहे, ओढायला हरकत नाही."

रंगपेटी:
आणि तुमचं वाचून रबर कारखान्यातला म्हणेल, "मी ओढत नाही, मोजे कशाला घालू?" त्याला काय उत्तर देणार, तेवढं लिहा.

स्पष्टवक्ता:
मोजे पायात घालतात. हातमोजे म्हणा.

रंगपेटी:
सापडला एकदाचा मुद्दा!