प्रोग्रामिंगसाठी क्लास की स्वतः शिकणं?
क्लासचे पैसे भरले की शिस्त येते, असं अनेक जण म्हणतात; हा मुद्दा पटतो. पण फी भरण्याआधी हार्वर्ड विद्यापीठाचा पायथन या प्रोग्रामिंग भाषेवरचा मोफत ऑनलाइन कोर्स, सीएस५०पी, करून पाहा. त्यातले सराव प्रश्न आपोआप तपासले जातात; एकट्याने शिकताना नेमकी हीच सोय नसते. व्हिडिओ पाहताना सगळं कळल्यासारखं वाटतं, म्हणून तो बंद करून कोड कोऱ्या फाइलमध्ये लिहा. उदाहरणार्थ, पायथनच्या इनपुट या फंक्शनने वापरणाऱ्याकडून घेतलेले ५ आणि ३ मिळवले की ५३ येतं, कारण इनपुट कायम स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, देतं. आधी इंट लावून त्याची संख्या करावी लागते. असल्या चुका स्वतः शोधाच! एरर आली की त्या संदेशाची शेवटची ओळ आधी वाचा, काय चुकलं ते तिथेच लिहिलेलं असतं. तरीही अडत असाल तर क्लास जरूर लावा, फक्त तुमचा कोड तिथे कोण तपासणार हे आधी विचारा.